वसंतात खुलवा इवलेसे न्हाणीघर
रंगपंचमी ते पाडवा : दहा दिवसांत, थोडक्या खर्चात होणारी सजावट

झरी (जि. परभणी), प्रतिनिधी

परभणी-जिंतूर रस्त्यावरील झरी या गावाचे नाव ऐकताच झऱ्याची आठवण होते. प्रत्यक्षात मात्र मराठवाड्यातील अन्य गावांप्रमाणे येथेही फाल्गुन सरत आला, की पाण्याचा हिशेब सुरू होतो. बांधावरचा पळस केशरी फुलांनी पेटलेला असतो, कडुनिंबाला तांबूस पालवी फुटलेली असते, आंब्याचा मोहर गळून कैऱ्या धरू लागतात आणि त्याच सुमारास घराघरांतील पाण्याचे टिपाड अंगणातून उचलून न्हाणीत आणून ठेवले जाते. वर्षातील सर्वांत देखणा ऋतू आणि पाण्याच्या टंचाईची चाहूल, दोन्ही येथे एकाच वेळी येतात. त्यामुळे न्हाणीघराच्या वासंतिक सजावटीचा विचार येथे निव्वळ हौसेचा राहत नाही. घरातील सर्वांत लहान खोलीत माणूस, बादली आणि टिपाड यांना सामावून घेत ती खोली प्रसन्न कशी ठेवावी, हा खरा प्रश्न असतो.

शहरातील वाचकालाही हा प्रश्न परका नाही. मुंबईच्या बीडीडी चाळींतील सुमारे १६० चौरस फुटांच्या खोलीत कोपऱ्यातील मोरी हेच कित्येक पिढ्यांचे स्नानगृह होते. पुण्या-मुंबईच्या छोट्या सदनिकांतील स्नानगृहात आजही दोन्ही हात पसरले, तर बोटे भिंतींना टेकतात. जागेची अडचण सर्वत्र सारखीच आहे आणि तीवरील उपायही बरेचसे सारखे आहेत.

आडोशापासून दारापर्यंत

मराठवाड्यातील जुन्या धाब्याच्या घरांत न्हाणी बहुधा अंगणाच्या वा परसाच्या कोपऱ्यात असे. एक मोठा सपाट दगड, शेजारी चुलीवर तापणारा हंडा, श्रीमंताघरी तांब्याचा बंब आणि आडोशाला तट्ट्या किंवा जुने लुगडे, एवढाच तिचा थाट. पुरुष मंडळी विहिरीवर वा नदीवर उरकून घेत. स्त्रियांना मात्र अंधार असतानाच उठावे लागे.

पुढे चित्र पालटत गेले. महाराष्ट्रात २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियानास प्रारंभ झाला आणि वैयक्तिक शौचालयासाठी पात्र ग्रामीण कुटुंबांना १२ हजार रुपयांचे प्रोत्साहन अनुदान मिळू लागले. शौचालयाची बांधणी झाली, की लगतच्या भिंतीचा आधार घेऊन न्हाणीघरही उभे करण्याची पद्धत अनेक गावांत दिसते. जागा तीन बाय चार फूट असो वा चार बाय पाच, तिला चार भिंती असतात, दार असते आणि त्या दाराला आतून कडी असते. घरातील लेकी-सुनांच्या दृष्टीने ही कडी फार मोलाची आहे. सजावटीचा आरंभही म्हणूनच दार, कडी आणि दिवा यांच्यापासून व्हावयास हवा.

किती जागेला लहान म्हणावे?

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार स्वतंत्र स्नानगृहाचे क्षेत्रफळ किमान १.८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १९ चौरस फूट, आणि रुंदी किमान १.२ मीटर असावी. स्नानगृह व शौचालय एकत्र असल्यास २.८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३० चौरस फूट जागा अपेक्षित आहे. चार बाय पाच फुटांची न्हाणी या हिशेबात जेमतेम बसते. तीन बाय चारची बसत नाही. अशा जागेत शोभेच्या वस्तू भरून चालत नाही. तेथे वस्तू काढून घेणे हीच निम्मी सजावट ठरते. रिकाम्या बाटल्या, झिजलेले ब्रश, फुटका मग, न वापरलेली जुनी बादली हे सारे आधी बाहेर काढावे. एका दुपारचे हे काम असून त्याला पैसा लागत नाही.

दहा दिवसांचे वेळापत्रक

धूलिवंदन आणि रंगपंचमीला साऱ्या घराचे रंग याच खोलीत धुतले जातात. त्यामुळे रंगकाम त्याआधी करणे म्हणजे केलेल्या कामावर पाणी सोडणे होय. फाल्गुन वद्य पंचमीची रंगपंचमी आणि चैत्र शुद्ध प्रतिपदेचा पाडवा यांच्या दरम्यान साधारण दहा दिवस मिळतात. हवा कोरडी असते, ऊन कडक होऊ लागलेले असते आणि भिंती लवकर वाळतात. पावसाळ्यात ज्या भिंतीला हात लावला तरी पोपडे निघत, तीच भिंत या दिवसांत रंग धरते.

पहिले दोन दिवस दुरुस्तीस द्यावेत. गळका नळ, निसटलेली फरशी, भिंतीतील चीर यांची डागडुजी आधी व्हावी. ओल कोठून येते हे न पाहता वरून रंग फासला, तर तो पुढच्या पावसाळ्यात पापुद्र्यासारखा सुटतो. त्यानंतर भिंत खरवडून, तारेच्या ब्रशने घासून दोन दिवस पूर्ण वाळू द्यावी. त्या काळात स्नानाची सोय अन्यत्र करावी लागते, हे घरातील सर्वांना आधीच सांगून ठेवलेले बरे. उरलेल्या दिवसांत रंगाचे हात, फळ्या-खुंट्या आणि शेवटची मांडामांड सहज होते.

चुन्याचा हात

न्हाणीघराच्या उघड्या, विटा-सिमेंटच्या भिंतींसाठी चुन्याची सफेदी हा आजही स्वस्त आणि गुणी पर्याय आहे. चुना भिंतीवर लावल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि त्याचा कठीण थर तयार होतो. ताजा चुना अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहजासहजी धरत नाही. शिवाय तो भिंतीतील ओल कोंडून ठेवत नाही. ती बाहेर पडू देतो.

चुनकळी भिजविताना पाणी उकळू लागते व शिंतोडे उडतात. म्हणून हे काम प्लॅस्टिकच्या बादलीत न करता लोखंडी भांड्यात, उघड्यावर, मुलांना दूर ठेवून आणि डोळ्यांवर चष्मा लावून करावे. चुनकळीत थोडे थोडे पाणी घालण्यापेक्षा पाण्यात थोडी थोडी चुनकळी सोडावी. किमान एक रात्र भिजल्यावर चुना कापडातून गाळून घ्यावा आणि त्यात थोडे डिंकाचे पाणी मिसळावे. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा द्यावा. भिंतीवर पूर्वीचा तैलरंग किंवा प्लॅस्टिक पेंट असल्यास चुना धरत नाही. तेथे जुना थर पूर्ण काढावा, अन्यथा ओलाव्यात टिकणारा बाजारातील रंग वापरावा.

रंग वसंताचे, पण बेताने

लहान खोलीत फिकट रंग प्रकाश परतवतात आणि जागा मोकळी भासते, हे सर्वज्ञात आहे. छत पांढरेशुभ्र ठेवावे. चुन्यात भुकटीची नीळ चिमूटभर घातली, तर भिंतीला आकाशासारखी निळसर झाक येते. पिवळी माती घातल्यास फिकट पिवळा आणि गेरू घातल्यास तांबूस रंग मिळतो. हे रंग चुन्याच्या तीव्रतेत टिकतात. खाण्याचे किंवा होळीचे रंग मात्र उडून जातात.

मग पळसाचा केशरी आणि बहाव्याचा पिवळा कोठे वापरावा? चारही भिंतींवर तो वापरला, तर खोली अंगावर येते. दाराची आतली बाजू, खिडकीची चौकट किंवा डोळ्यांच्या उंचीवरचा दोन-तीन इंचांचा पट्टा एवढीच जागा या गडद रंगांना पुरते. कडुनिंबाच्या पालवीचा पोपटी रंग बादली, मग आणि पाट यांच्या रूपाने आणता येतो. बादली व मग एकाच रंगाचे घेतले, तरी खोलीला शिस्तशीर रूप येते. पुढल्या वर्षी रंग बदलावासा वाटला, तर केवळ पट्टा बदलला की काम भागते.

भिंतीला टाइल्स लावायच्या असतील, तर जमिनीपासून चार फुटांपर्यंत त्या पुरेशा आहेत. परभणीसारख्या शहरांतील टाइल्सच्या दुकानांत पेटीतून उरलेल्या सुट्या नगांचे आणि तुकड्यांचे ढीग असतात. असे रंगीत तुकडे सिमेंटमध्ये बसवून एखादी वेल, फूल किंवा साधी किनार करता येते. तुकड्यांच्या कडा घासून बोथट केलेल्या असाव्यात. ओल्या अंगाला त्या लागता कामा नयेत.

पायाखालची फरशी

झरीतच नव्हे, तर मराठवाड्यातील बहुतेक घरांत शहाबादी फरशी न्हाणीत दिसते. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादच्या नावाने ती ओळखली जाते. तिचा किंचित खरबरीत पृष्ठभाग ओल्या पायाला धरून राहतो. चकचकीत टाइल्स दिसायला सुंदर असल्या, तरी साबणाच्या पाण्यात त्या घसरगुंडी ठरतात आणि वृद्धांच्या दृष्टीने न्हाणीतील पडणे अनेकदा अंथरुणाला खिळविणारे ठरते. नवी फरशी घेताना खरबरीतच घ्यावी. जुनी गुळगुळीत असल्यास रबरी जाळीची चटई घालावी आणि ती रोज उभी करून वाळवावी. जमिनीला मोरीकडे दर फुटाला पाव इंच उतार असला, म्हणजे पाणी साचत नाही.

बोअरच्या जड पाण्यामुळे फरशीवर व नळांवर पांढरे डाग पडतात. सिरॅमिक टाइल्सवरील असे डाग लिंबूसत्व किंवा पांढरे व्हिनेगर लावून निघतात. शहाबादी आणि कडप्पा हे मात्र चुनखडीचे दगड आहेत. त्यांवर लिंबू, व्हिनेगर वा अॅसिड टाकले, की दगडच विरघळतो आणि फरशी खड्डेदार होते. त्यांना साबणाचे पाणी आणि काथ्याचा कुंचा पुरे. आणखी एक सावधगिरी महत्त्वाची आहे. शौचालयाचे अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यांतून विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि बंद, लहान खोलीत तो जीवघेणा ठरू शकतो.

भिंतीवर घ्या, जमीन मोकळी ठेवा

टिपाडाला दोन फूट जागा दिली, की चार बाय पाचच्या न्हाणीत उभे राहण्यापुरतीच जमीन उरते. म्हणून बाकी सारे भिंतीवर गेले पाहिजे. जुन्या मातीच्या घरांतील कोनाडा ही या बाबतीत उत्तम कल्पना होती. जाड भिंत असल्यास साबण-तेलासाठी कोनाडा काढता येतो. भिंत पातळ असेल, तर कोपऱ्यात कडप्प्याची तिकोनी फळी बसवावी. एकावर एक अशा दोन फळ्या पुरेशा होतात. दारामागे चार खुंट्यांची पट्टी, त्यातील एक मुलांच्या उंचीवर, एवढ्यात कपड्यांची सोय होते.

टिपाड स्वतःच डोळ्यांना खुपत असेल, तर त्यावर बाहेरून तैलरंगाचा एक हात देऊन पांढऱ्या रांगोळीसारखी नक्षी काढता येते. ते जमिनीपासून दोन विटांवर ठेवावे, म्हणजे खालची ओल सुकते. रसायनांचे जुने टिपाड मात्र धुऊनही वापरू नये. टिपाडावर घट्ट झाकण हवेच. उघड्या साठवणीच्या पाण्यात डेंग्यू पसरविणारा एडिस डास वाढतो आणि त्याच्या अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून घासण्याचा कोरडा दिवस पाळावा. घरात लहान मूल असेल, तर झाकणाचे महत्त्व दुप्पट होते.

दार बाहेर उघडणारे असावे. त्यामुळे आतली जागा वाचते. शिवाय आत कोणी चक्कर येऊन पडले, तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते व मदत पोचत नाही. वृद्ध असलेल्या घरात बाहेरूनही उघडता येईल अशी कडी आणि भिंतीत पक्का बसविलेला आधाराचा दांडा, या दोन गोष्टी कोणत्याही शोभेच्या वस्तूपूर्वी घ्याव्यात.

उजेड, आरसा आणि वारा

अंधारी खोली कितीही रंगविली, तरी खुलत नाही. आरसा खिडकीच्या किंवा झरोक्याच्या समोरच्या भिंतीवर लावला, तर आलेला उजेड दुप्पट झाल्यासारखा वाटतो. दिवा आरशाच्या वर किंवा बाजूला असावा. त्याचे बटण न्हाणीबाहेर, कोरड्या जागी हवे. घराच्या वीजजोडणीत अर्थिंग असावे आणि गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअरवर गेला की वीज तोडणारे आरसीसीबी बसवून घ्यावे. पाणी तापविण्याची सळई बादलीत चालू असताना त्या पाण्यात हात घालू नये. ती बंद करून, प्लग काढून मगच बादली उचलावी.

खिडकीला जुन्या सुती साडीच्या किनारीचा आखूड पडदा शोभून दिसतो. इरकली वा नऊवारीचा काठ फेकून न देता असा वापरता येतो. मात्र पडदा खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागालाच असावा. वरचा भाग आणि झरोका कोणत्याही कारणाने बंद करू नये. हिवाळ्यात परभणीची थंडी कडक असते. त्या वेळी गार वारा येतो म्हणून झरोक्यात पुठ्ठा वा बोळा कोंबला जातो आणि वसंत आला तरी तो तसाच राहतो. न्हाणीत गॅस गिझर असेल, तर हीच गोष्ट प्राणावर बेतते. बंद खोलीत प्राणवायू कमी पडला, की गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे एवढीच सूचना मिळते आणि माणूस बेशुद्ध होतो. महाराष्ट्रातील अनेक शहरांत लहान स्नानगृहांमध्ये असे बळी गेले आहेत. गॅस गिझर न्हाणीबाहेर मोकळ्या हवेत बसवून केवळ गरम पाण्याची नळी आत घेणे, हाच योग्य मार्ग होय. सजावटीच्या नावाखाली झरोका झाकणाऱ्या काचा, चित्रे किंवा फळ्या कटाक्षाने टाळाव्यात.

हिरवाई आत आणि बाहेर

खिडकीत उजेड येत असेल, तर पाण्याच्या बाटलीतील मनीप्लांट किंवा छोट्या कुंडीतील स्नेक प्लांट सहज जगते. बाटलीतील पाणी आठवड्याला बदलावे. उजेडच नसेल, तर झाडाला कोंडून ठेवू नये. त्याऐवजी पितळी वाटीत चार झेंडूची किंवा मोगऱ्याची फुले ठेवली, तरी पुरे. पाडव्याच्या सकाळी कडुनिंबाचा पाला घातलेल्या पाण्याने स्नान करण्याची प्रथा आहे. त्या डहाळ्या आदल्या रात्री खुंटीला टांगल्या, तर तीच त्या दिवसाची सजावट.

खरी हिरवाई मात्र न्हाणीच्या मागे फुलते. सांडपाणी मोकळे सोडले तर गल्लीत चिखल व डास होतात. तेच अळू, केळ किंवा कर्दळीच्या वाफ्यात नेले, तर टंचाईतही परसात हिरवा कोपरा टिकतो. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी (ता. हिमायतनगर) या गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन सांडपाणी जमिनीत मुरविले आणि डासमुक्त गाव म्हणून नाव मिळविले. परभणीच्या काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरते, म्हणून खड्डा खालच्या मुरमापर्यंत न्यावा लागतो. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून व बोअरपासून तो दूर असावा.

थेंबाचा मान

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. मराठवाड्याच्या स्मृतीतून ती गाडी अद्याप गेलेली नाही. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज सोडतो, तर एका बादलीत पंधरा-वीस लिटरमध्ये स्नान होते. त्यामुळे येथे शॉवर नसणे ही उणीव समजण्याचे कारण नाही. स्वच्छ घासलेली बादली, तांब्याचा लोटा आणि बसायला लाकडी पाट यांचा मेळ रंगीत भिंतीपुढे खुलून दिसतो. पाणीही बेताने वापरले जाते.

पाडव्याच्या पहाटे घरातील सारी मंडळी एकामागून एक याच खोलीत येऊन जातात. कोणी दहावीच्या परीक्षेतून नुकतीच मोकळी झालेली, कोणी शेतावर निघालेले, कोणी काठीचा आधार घेत आलेले. प्रत्येकाला तेथे दहा मिनिटे मिळतात. त्या दहा मिनिटांत पाय घसरू नये, वारा खेळता राहावा, कडी नीट लागावी आणि नजरेला पालवीचा एखादा रंग पडावा, एवढे साधले, की इवल्याशा न्हाणीघराची सजावट पूर्ण झाली असे समजण्यास हरकत नाही.